पाकीट क्रमांक सत्तेचाळीस

सुभाष सरांनी चहाचा कप बशीत ठेवला, चष्मा कपाळावर ढकलला आणि यंदा उकाडा लवकर सुरू झाला म्हणावं तशा आवाजात ते म्हणाले, "फरक नाही, सुनीतीबाई. दोन्ही गटांत काही म्हणता काही फरक नाही." शनिवार होता, इस्पितळातलं ऑफिस अर्धा दिवस. सुनीती समोरच्या टेबलावर पेशंटांकडून खुशाली लिहून परत आलेली जोडकार्डं तारखेप्रमाणे लावत होती. तिचा हात थांबला नाही. तो थांबायला हवा होता असं तिला नंतर बसमध्ये वाटलं, पण त्या वेळी तिने आणखी तीन कार्डं जागच्या जागी लावली आणि चौथं उलटं लावलं. आठ वर्षं ज्या उत्तराची वाट बघत ती दोघं त्या कोंदट खोलीत बसली होती, ते उत्तर असं चहाबरोबर आलं होतं. स्तनाचा कॅन्सर झालेल्या दोनशे बारा बायका. निम्म्यांचं सगळं काढलं, छातीच्या स्नायूसकट आणि काखेतल्या गाठींसकट. निम्म्यांची नुसती गाठ काढली, बाकीचं राहू दिलं आणि वर पाच आठवडे किरण दिले. पाच वर्षांनी दोन्हींकडे जगलेल्या बायका जवळपास सारख्याच निघाल्या. सर खुशीत होते. म्हणाले, "म्हणजे बघा, इथून पुढे निम्म्याहून जास्त बायकांचं सगळं काढायची गरज नाही. आणि निकाल इतका पक्का आहे, की दोन-चार पाकिटं इकडची तिकडे झाली असती तरी उत्तर हेच आलं असतं." सुनीतीने मान वर केली. सर तिच्याकडे बघतही नव्हते, बशीत सांडलेला चहा पीत होते. "बरं झालं," ती म्हणाली, आणि आपला आवाज इतका नेहमीसारखा कसा आला याचं तिला नवल वाटलं.

बरं झालं. वाशीच्या बसमध्ये खिडकीजवळ बसल्यावर ती हे दोन शब्द पुन्हा पुन्हा तपासून बघत होती, भाजीवाल्याने दिलेलं वांगं उलटंसुलटं करून बघावं तसं. तिच्या नेमणूकपत्रावर लिहिलं होतं संशोधन साहाय्यक, पण वॉर्डातले लोक तिला पाकीटवाल्या बाई म्हणत, आणि तेच खरं होतं. कोणत्या बाईला कोणता उपचार, हे डॉक्टरांनी ठरवायचं नाही, बाईने नाही, नवऱ्याने नाही. नाहीतर मग तरण्या बायका एकीकडे जातील, म्हाताऱ्या दुसरीकडे, आणि उत्तर खोटं येईल. म्हणून सुभाष सरांनी एका पुस्तकातल्या आकड्यांवरून यादी काढली, सुनीतीने त्याप्रमाणे चिठ्ठ्या टाईप केल्या, पाकिटांत घातल्या, डिंकाने चिकटवल्या आणि वर नंबर टाकले. ओपीडीतून फोन आला की नाव वहीत लिहायचं, वेळ लिहायची आणि पुढच्या नंबरचं पाकीट फोडायचं. एवढंच काम. माकडाला शिकवलं तर तेही करील, असं ती घरी वहिनीला सांगत असे, आणि वहिनी म्हणत असे, "माकडाला पगार द्यावा लागत नाही म्हणून सांगू नकोस हं कुणाला." मात्र पाकिटं आणताना स्टोअरवाल्याने जाड खाकी पाकिटं नाहीत म्हणून पातळ पांढरी दिली होती. ती खिडकीशी धरली की आतली चिठ्ठी वाचता येई. हे पहिल्या महिन्यातच सुनीतीच्या लक्षात आलं होतं. तिने सरांना ते सांगितलं नाही. लबाडीने नव्हे, नुसत्या कंटाळ्याने, कारण सांगितलं असतं तर सगळी पाकिटं पुन्हा करावी लागली असती. पुढे जे झालं ते त्या कंटाळ्यातून झालं, आणि हे आठवलं की तिला स्वतःची जास्तच लाज वाटे. निदान मोठ्या वाईटपणातून तरी व्हायला हवं होतं.

बस मानखुर्दच्या पुढे आली आणि खाडीचा ओला, खारट वास आत शिरला. हा वास वहिनीला आवडायचा. लालबागची खोली सोडून वाशीला सिडकोच्या घरात यायचं ठरलं तेव्हा सगळ्या नातेवाइकांनी नाकं मुरडली होती, कुठे त्या चिखलात जाऊन राहता, न्यू बॉम्बे म्हणे. एकटी नंदिनीवहिनी हरखली होती. दोन खोल्या, स्वतःचा संडास आणि आंघोळीच्या खोलीत आतून कडी. लग्न होऊन सहा वर्षांनी तिला आतून कडी असलेली मोरी मिळाली होती, आणि त्या मोरीतच दोन वर्षांनी तिच्या हाताला गाठ लागली. दादाला सांगायच्या आधी तिने सुनीतीला सांगितलं. तेव्हा वहिनी चौतीसची, सुनीती बत्तीसची. नणंद-भावजय म्हणायचं, पण एका ताटात जेवलेल्या. इस्पितळात जायच्या दिवशी, एक्याऐंशी सालच्या जानेवारीत, याच बसमध्ये, बहुधा याच बाजूच्या बाकावर, वहिनी खिडकीतून बाहेर बघत म्हणाली होती, "सगळं काढलं तर मी त्या मोरीत कशी गं जाऊ? तिथे माझ्याशिवाय कुणीच नसतं." बस. एवढंच म्हणाली. तिने काही मागितलं नाही. मागितलं असतं तर सुनीती नाही म्हणाली असती, नियम सांगितला असता आणि मोकळी झाली असती. पण वहिनीने मागितलंच नाही.

ओपीडीच्या बाकावर वहिनीच्या शेजारी एक बाई बसली होती. पावणे गावची मुक्ताबाई. कारखान्यांच्या पट्ट्यात अडकलेलं ते जुनं गाव सुनीतीला ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या पाटीपुरतं माहीत होतं. बाई तिशीची असेल, काळी, उंच, बांधा असा की बाकावरून उठली तर बाकच हलका वाटावा. मिठागरावर काम करणारी, मिठाच्या पाट्या डोक्यावरून वाहणारी. तिने कनवटीचा पेरू काढून तो दाताने फोडला आणि अर्धा वहिनीपुढे केला. "खा बाय. भ्याला का होतंय? आपून दोगी हाव ना." वहिनीने तो खाल्ला. एरवी परक्याचं उष्टं न खाणारी वहिनी तो अर्धा पेरू बियांसकट खाऊन मोकळी झाली, आणि जाता-येता हे बघणाऱ्या सुनीतीला हसू आलं होतं. मुक्ताबाईच्या नावाचा फोन आला साडेनऊला. वहिनीचा यायचा होता अकराच्या सुमाराला. सुनीतीने कपाट उघडलं. पाकीट क्रमांक सत्तेचाळीस तिने खिडकीशी धरलं. थोडं काढायचं आणि किरण. मग तिने अठ्ठेचाळीसही धरलं. सगळं काढायचं. मग ती खाली बसली आणि बराच वेळ वहीकडे बघत राहिली. ओपीडीतून पुन्हा फोन आला, तेव्हा तिने सांगितलं, जरा थांबा, किल्ली सापडत नाहीये. सव्वाअकराला वहिनीचं नाव आलं, तेव्हा किल्ली सापडली. सत्तेचाळीसपुढे तिने लिहिलं नंदिनी, वेळ अकरा पंधरा. अठ्ठेचाळीसपुढे मुक्ताबाई, वेळ अकरा वीस. त्या वहीत एकही शब्द खोटा नव्हता. फक्त साडेनऊपासून बसलेली एक बाई पाच मिनिटांनी मागे सरकली होती. रांगेत कुणी मध्ये घुसलं तर आपण किती भांडतो, हे सुनीतीला त्या दिवशी आठवलं नाही. रोज आठवायला लागलं ते नंतर.

वहिनी खुशीत घरी आली. पाच आठवडे रोज किरणांना जायचं. कातडी काळवंडली, सोलली, पण बाकी सगळं जागच्या जागी. ती मोरीत गुणगुणायची आणि बाहेर भाजी निवडणाऱ्या सुनीतीला वाटायचं, मी केलं हे, माझ्या हातांनी केलं. ते दिवस सुखाचे होते. हे कबूल करताना आजही तिचे कान गरम झाले. तिकडे सर्जिकल वॉर्डात मुक्ताबाई पट्ट्यांत गुंडाळून पडली होती. फॉर्मवर अंगठा घ्यायचा राहिला होता म्हणून सुनीतीला जावं लागलं. मुक्ताबाईने डावा अंगठा दिला, कारण उजवा हात उचलतच नव्हता. ती रडत होती, पण आवाज न करता. आणि सुनीतीने काय म्हणावं? "रडू नका. तुमचं मुळासकट गेलं. चांगलंच झालं." मुक्ताबाईने डोळे पुसले आणि ते वाक्य उचलून गाठीशी बांधलं. पुढे तीन-तीन महिन्यांनी रक्त द्यायला यायची तेव्हा ओपीडीतल्या नव्या बायकांना ती सुनीतीकडे बोट दाखवून सांगायची, "या बायनी मना पाकीट काडलान. मुलासकट जेला माजा. यांचे हातचा गुन हाय." बोट दाखवायची डाव्या हाताचं. उजवा हात वर्षभरात सुजून जड झाला होता, बोटांपासून खांद्यापर्यंत पाणी भरल्यासारखा, आणि मिठागरावरचं काम सुटलं होतं. सुनीती ओशाळं हसायची आणि काहीतरी निमित्त काढून तिथून निघायची.

रक्त सगळ्यांचंच घेत. त्यातला एक पदार्थ मोजायचा, सीईए त्याचं नाव. रोग परतायच्या आधी तो वाढतो का, हे बघायचं होतं. आकडे सुनीतीकडे येत आणि ती ते वेगळ्या वहीत उतरवी. नियम असा की आकडा कुणाला दाखवायचा नाही, पेशंटला नाही आणि डॉक्टरांनाही नाही, कारण त्याचा अर्थ अजून कुणालाच नीट कळलेला नव्हता. वहिनीचे आकडे बराच काळ होते चार, चार, पाच. मग एकदम नऊ. मग बावीस. बावीस आला त्या दिवशी होळी होती. घरी गेल्यावर वहिनीने गरम पुरणपोळी तिच्या ताटात वाढली, वर तुपाची धार सोडली आणि म्हणाली, "काय गं, चेहरा का असा? सरांनी फाडून खाल्लं का?" सुनीती म्हणाली, डोकं दुखतंय. वहिनीने अमृतांजन आणलं आणि स्वतः तिच्या कपाळाला चोळलं. अंगात बावीस घेऊन हिंडणारी बाई, आणि डोकं दुखतंय कुणाचं? पुढे जवळजवळ पाच महिने वहिनीला काहीही होत नव्हतं. ती हसत होती, सोसायटीच्या बायकांबरोबर पापड लाटत होती. सुनीतीने ते पाच महिने नियम पाळला. एक नियम मोडताना तिला दोन तासही लागले नव्हते, आणि हा नियम तिने देवाच्या वातीसारखा जपला. का, तर आधी कळून तरी काय करणार होते, असं सुभाष सर म्हणायचे. ते खरंही होतं. पण सुनीतीच्या गप्प बसण्याचं कारण ते नव्हतं. बोलायला तोंड उघडलं की पाकिटांचंही बाहेर पडेल, ही भीती होती. मग वहिनीची पाठ दुखायला लागली.

शेवटच्या दिवसांत, चौऱ्याऐंशी सालच्या दिवाळीच्या आधी, वहिनी एकदा म्हणाली, "त्या दिवशी माझ्या आधी ती पेरूवाली बसली होती ना गं?" सुनीती तिचे पाय चेपत होती. "हो," ती म्हणाली. "मग तिला नंतर का बोलावलं?" सुनीती पाय चेपत राहिली. वहिनीने भिंतीकडे तोंड केलं आणि म्हणाली, "तिची चौकशी करत जा." ती रागावली होती की नाही, हे सुनीतीला कधी कळलं नाही. विचारायचं धाडस होईपर्यंत वहिनी गेली. त्यानंतर घरात दादा आणि ती. दादा सकाळी वहिनीच्या फोटोला हार घालतो, चहा ओततो आणि सुनीतीला म्हणतो, "तू होतीस म्हणून तिला नीट उपचार मिळाले." गेली तीन वर्षं म्हणतोय. सुनीती चहा पिते.

आणि या तीन वर्षांत तिने स्वतःला एक तराजू करून दिला होता, त्यावरच ती उभी होती. सगळं काढणं हेच जर चांगलं ठरलं, तर मी वहिनीला मारलं, पण मुक्ताबाईला वाचवलं. एक जीव घेतला, एक दिला. हे भयंकर होतं, पण त्यात काहीतरी वजनाला वजन होतं. मुक्ताबाई जिवंत होती. दर सहा महिन्यांनी तिचं जोडकार्ड यायचं, मुलीच्या शाळकरी अक्षरातलं: आई बरी आहे. हात सुजतो. सुनीती ते कार्ड दोनदा वाचायची आणि म्हणायची, बघ, जगली ना. सुजलेला हात म्हणजे जीव वाचल्याची खूण, असं तिने ठरवून टाकलं होतं. आज सुभाष सरांनी चहा पिता पिता तराजूच काढून घेतला. फरक नाही. म्हणजे वहिनी तशीही गेली असती. आणि मुक्ताबाई तशीही जगली असती, दोन्ही हातांनी. देवाने, रोगाने, नशिबाने जे केलं ते सगळं त्या एका वाक्यात बाजूला निघालं होतं आणि मध्ये एकच गोष्ट उरली होती, तो हात. तो मात्र दुसऱ्या कुणाचाही नव्हता, सुनीतीचाच होता.

वाशीला उतरल्यावर ती घराच्या दिशेने दहा पावलं गेली, थांबली आणि ठाण्याकडे जाणाऱ्या बसला जाऊन उभी राहिली. दादा जेवायचा थांबला असेल हे तिच्या मनात आलं. बसमध्ये तिने काय बोलायचं ते तीन वेळा जुळवलं. नियम, फोन, पातळ पाकिटं, सगळं नीट क्रमाने. पावण्याला उतरली तेव्हा तीन वाजून गेले होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कारखान्यांच्या पत्र्याच्या शेड, कुठल्यातरी केमिकलचा आंबूस वास आणि मध्ये हे गाव, मारुतीचं देऊळ, विहीर, कौलारू घरं. मुक्ताबाईचं घर एका बाईने दाखवलं, "ती सुक्याची मुक्ता ना? ती काय." अंगणात सुके बोंबील आणि जवळा पसरलेला होता आणि मुक्ताबाई डाव्या हाताने जवळा पाटीत भरत होती. उजवा हात पदरात गुंडाळलेला.

"आगो, तुमी?" ती उठली. "पाकीटवाल्या बाय आयल्यान. कार्ड धाडला ना माजे पोरीनी? पोचला नाय का?"

"पोचलं."

"मंग बसा ना. पानी देतंय."

सुनीतीने पाणी घेतलं, पण प्याली नाही. जुळवलेलं सगळं बोलायचं होतं, पण तोंडातून भलतंच आलं. "मुक्ताबाई, त्या दिवशी तुमचा नंबर आधी होता. तुमचं पाकीट मी माझ्या वहिनीला दिलं. तुमच्यात थोडंच काढायचं होतं. हात असा झाला नसता."

घराच्या मागून मशीनचा ठक ठक आवाज येत होता. एक कोंबडी जवळ्यावर आली. मुक्ताबाईने नेहमीच्या सवयीने हूश केलं.

"पेरू खाल्ला ती?" तिने विचारलं.

"हो."

"ती तुजी वहिनी होती?"

"हो."

"तिचा ठेवला."

"हो. तरी गेली. तीन वर्षं झाली."

"आनि माजा मुलासकट काडला, म्हनून मी जगली ना?"

इथे खोटं बोलता आलं असतं. बोलावं असं सुनीतीला अगदी पोटातून वाटलं, त्या बाईसाठीसुद्धा वाटलं. "नाही," ती म्हणाली. "आज निकाल आला. थोडं काढून, किरण देऊनही तितक्याच बायका जगतात. काही फरक नाही."

मुक्ताबाई खाली बसली. तिने पदर बाजूला केला आणि आपल्या उजव्या हाताकडे बघितलं, जणू कुणीतरी दारात आणून ठेवलेली वस्तू होती आणि ती कुणाची ते आता कळलं होतं. सुनीतीला वाटलं, ती रडेल, शिव्या देईल, गाव गोळा करील. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

"सात वर्सं," मुक्ताबाई सावकाश म्हणाली, "मी तुजा नाव घेतंय. देवलात नारल फोडला का तुजा नाव घेतंय." आणि मग, "मना कंला सांगाला आयलीस?"

"सांगायला हवं होतं."

"कोनाला हवा होता? मना?" आवाज चढला नव्हता. "मना बरा वाटत होता. तुना हलका होवाचा होता, म्हनून आयलीस."

ते खरं होतं, आणि बसमध्ये तीन वेळा जुळवूनही तिला हे दिसलं नव्हतं. तिने काहीतरी देऊ करायचं म्हणून तोंड उघडलं, इस्पितळातून हाताचे व्यायाम, सुजेवरची पट्टी, पण मुक्ताबाईने डावा हात वर करून तिला थांबवलं. लांब कुठल्यातरी कारखान्याचा भोंगा वाजला. पाळी सुटायची वेळ झाली होती. मुक्ताबाई उठली, पाटीवर फडकं टाकलं, डोक्यावर चुंबळ ठेवली आणि अंगणात ताठ उभी राहिली.

"कंपनीचे गेटावर सुका इकाला जावाचा हाय मना, येल झाली. एका हाताना पाटी डोक्याव जात नाय. रोज कोनाला ना कोनाला हाक मारावी लागतं." तिने पाटीकडे मान केली. "उचल."

सुनीतीने पर्स खाली ठेवली, पदर खोचला. पाटी तिला वाटलं त्यापेक्षा फार जड होती. पहिल्यांदा ती गुडघ्यापर्यंतच आली, जवळा सांडला. मुक्ताबाई वाकली नाही. दुसऱ्यांदा सुनीतीने पाटी छातीला टेकवून वर चढवली, दात आवळले, आणि पाटी चुंबळीवर बसली. मुक्ताबाईने डाव्या हाताने ती सावरली. दोघींची तोंडं समोरासमोर आली, इतकी जवळ, की सुनीतीला तिच्या श्वासाचा वास आला.

"आता हलका वाटला?" मुक्ताबाईने विचारलं.

सुनीतीचे हात अजून वरच होते.

"नाय ना," मुक्ताबाई म्हणाली, वळली आणि अंगणाच्या बाहेर पडली. फाटकापाशी थांबली, मान वळवता येत नव्हती म्हणून तशीच पाठमोरी म्हणाली, "सोमवारी पन हीच येल हाय माजी."